उपनगरातील सायकल ट्रॅकचा पाठपुरावा आणि एक सायकल-प्रवासी : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरातले असून २०२२ च्या पावसाळ्यापासून २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत ते चालले. संबंधित व्यक्ती, रस्ता, शाळा आणि गृहरचना संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. प्रकरणाच्या केंद्रस्थानी असलेल्या बाई बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि लांबच्या सायकल प्रवासात रमणाऱ्या आहेत. परिसरातल्या नागरिक मंचातले सगळे त्यांना ताई म्हणत. येथेही तेच संबोधन ठेवले आहे.

ताईंचे सायकलिंग कोणत्या प्रकारचे होते ते आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचा बराचसा गोंधळ आणि बरेचसे यश त्यातूनच निघाले. पुण्यात लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. एक ब्रेव्हेवाल्यांचा, म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात पुरे करणाऱ्यांचा : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, ठरलेल्या ठिकाणी हजेरी लावायची आणि पुढे निघायचे. दुसरा सामान लादून रमतगमत जाणाऱ्यांचा. ताई या दुसऱ्या पंथातल्या. स्टीलची जुन्या घाटाची सायकल, मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी पॅनिअर म्हणजे सामानाच्या पिशव्या, पुढे हँडलला एक पिशवी, आणि वेग असा की वाटेतल्या आजोबांशी दोन शब्द बोलून झाल्यावरच पुढे सरकायचे. कोकणच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला फेरीबोटीत सायकल चढवत त्या एकट्याने अनेकदा गेल्या आहेत. या प्रवासांतून त्यांना एक सवय जडली होती. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर त्या वहीत रस्त्याची नोंद करत : कडेची पट्टी कुठे संपते, पाणी कुठे मिळते, कोणत्या वळणावर खडी साचते, कोणत्या गावात सायकल दुरुस्तीचे दुकान अजून चालू आहे.

पुण्याच्या बाजूची थोडी माहितीही आवश्यक आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवल्या जाणाऱ्या या शहरात डिसेंबर २००६ मध्ये बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, पहिला मार्ग सुरू झाला आणि त्या मार्गांच्या कडेने सायकल ट्रॅकही आखले गेले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पादचारी आणि सायकलस्वारांना प्राधान्य देण्याची भूमिका घेतली होती. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागदावरची स्थिती त्यामुळे वाईट नाही. पाहायचे असते ते प्रत्यक्ष ट्रॅकवरून चालून, आणि तेथे पेव्हिंग ब्लॉक, वीजवाहिनीच्या पेट्या, बसथांबे आणि लावलेल्या दुचाकी यांतून सायकलीला जी वाट उरते तिच्यावरून आराखड्याची ओळख पटणे कठीण असते.

आणखी एक परिस्थिती या प्रकरणाला आकार देऊन गेली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक न झाल्यामुळे महापालिकेवर प्रशासक आले. एरवी वॉर्डातला माणूस आधी नगरसेवकाच्या कार्यालयात जातो. ते दार या सबंध काळात बंद होते.

प्रश्न

रस्ता सुमारे दोन किलोमीटरचा, विकास आराखड्यातला. एका टोकाला महापालिकेची शाळा, मधोमध रस्त्यावरच भरणारी भाजी मंडई, तिच्या पुढे दहा-बारा मजली सोसायट्यांची रांग आणि दुसऱ्या टोकाला वस्ती. काही वर्षांपूर्वी पदपथ रुंद करताना त्याच पातळीवर लाल ब्लॉकचा सायकल ट्रॅक केला होता. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी तो खाली उतरे आणि पुन्हा वर चढे; दुचाकी घुसू नयेत म्हणून प्रत्येक तोंडाशी स्टीलचे खांब रोवलेले होते. मंडईच्या भागात तर ट्रॅक दिसतच नसे, त्याच्यावर पालेभाज्यांच्या पाट्या असत.

२०२२ च्या गणेशोत्सवानंतर कुणकुण लागली की या रस्त्याच्या नूतनीकरणाचे पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा आगाऊ अंदाज, तयार होत असून त्यात ट्रॅक काढून ती जागा चारचाकींच्या पार्किंगला देण्याचे योजले आहे. कारण एका ओळीचे होते : ट्रॅकचा वापर होत नाही. परिसरातल्या नागरिक मंचाने ताईंना पुढे केले. त्यांचा सायकलसह फोटो त्या वर्षी वर्तमानपत्रात आला होता, आणि सायकलचा विषय असेल तर सायकलवाल्या बाईंनीच बोलावे, एवढाच त्यामागचा विचार होता. प्रतिनिधी निवडण्याची ही पद्धत आपल्याकडे इतकी रूढ आहे की ती कोणाला खटकलीही नाही.

परंतु दोन हजार किलोमीटर महामार्गाने जाणारी व्यक्ती आणि दोन किलोमीटरवरच्या सोसायटीत कामाला जाणारी व्यक्ती यांच्या गरजा एक नसतात. ट्रक मागून आला की किती आत सरकायचे, उतारावर डाव्या कडेला का चिकटू नये, हे ताईंच्या अंगवळणी पडलेले होते. त्यांना ट्रॅक लागत नव्हता. ज्यांना लागत होता ते मंचाच्या बैठकीत नव्हते.

समोर असलेले पर्याय

पहिल्या बैठकीत तीन पर्याय मांडले गेले.

सर्वांत लोकप्रिय पर्याय रॅलीचा. सकाळी शाळेपासून निघायचे, कोणीतरी मान्यवरांनी झेंडा दाखवायचा, सर्वांनी एकाच रंगाचे टी-शर्ट घालायचे, शेवटी निवेदन आणि मिसळ. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन जाहीर केल्यापासून अशा रॅलींना दरवर्षी एक ठरलेली तारीखही मिळाली आहे. रॅलीने उत्साह येतो हे खरे. पण फाटकाशी असलेला ट्रॅकचा उतार बुजवायचा की नाही, असा प्रश्न रॅलीच्या निवेदनात कधी मावत नाही.

दुसरा पर्याय ब्रेव्हेवाल्या मित्रांचा होता. त्यांचे म्हणणे असे की पदपथावरचा ट्रॅक जात असेल तर जाऊ द्यावा, त्याच्या बदल्यात डांबरी रस्त्याच्या डाव्या कडेला पांढऱ्या पट्ट्याची स्वतंत्र मार्गिका मागावी. त्यांचा युक्तिवाद निराधार नव्हता. बारीक टायरची सायकल पेव्हिंग ब्लॉकवर पावसात घसरते आणि सांध्यांवरून हादरे बसतात. शिवाय ट्रॅक असला की मोटारवाले त्याकडे बोट दाखवून सायकलस्वाराला रस्त्यावरून हटवू पाहतात, हाही त्यांचा अनुभव होता.

तिसरा पर्याय न्यायालयाचा. मंचातले एक वकील तयार होते, पण मुंबईच्या फेऱ्या, खर्च आणि लागणारा काळ पाहता तो शेवटचा मार्ग म्हणून बाजूला ठेवण्यात आला.

ताईंनी त्या दिवशी कोणताच पर्याय उचलून धरला नाही. ट्रॅकचा वापर होत नाही हे विधान कोणी आणि कोणत्या वेळी पाहून केले आहे, एवढेच त्यांनी विचारले. उत्तर कोणाकडेच नव्हते. मंचाच्या कामातला पहिला खरा निर्णय या प्रश्नातून झाला : निवेदन लांबवायचे आणि आधी रस्ता पाहायचा.

रस्त्याची वही

पुढचे काही आठवडे ताई आणि मंचातले तिघे-चौघे वेगवेगळ्या वेळी रस्त्यावर उभे राहिले. प्रवासातली वही येथे उपयोगी पडली. सरकारी पाहणी साधारणतः सकाळी अकराच्या पुढे होते. त्या वेळी या रस्त्यावर सायकल क्वचितच दिसते. पहाटे मात्र पेपर आणि दूध टाकणारी मुले, सातच्या सुमारास पाळी बदलणारे सुरक्षारक्षक, त्यानंतर शाळेत जाणाऱ्या मुली आणि बांधकामावर निघालेले मजूर अशी ये-जा असते आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर तीच माणसे परत फिरतात. यांतले बहुतेक ट्रॅकवरून जात नव्हते. ते कडेने, मोटारींच्या बाजूला अंग चोरून जात होते.

का, ते एका सुरक्षारक्षकाने दाखवले. हा गृहस्थ मूळचा लातूरकडचा, रात्रपाळी संपवून वस्तीकडे निघालेला. सायकल जुनी काळी, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, हँडलच्या एका बाजूला डब्याची पिशवी आणि दुसऱ्या बाजूला छत्री. ताईंनी विचारल्यावर त्याने सायकल ट्रॅकच्या तोंडाशी नेली. खांबांच्या मधून जाताना डबा अडकला. त्याने खाली उतरून सायकल तिरकी केली, पलीकडे काढली, पुन्हा बसला आणि जेमतेम पाऊणशे पावलांवर पुढच्या फाटकाशी पुन्हा उतरला.

"दरेक गेटाला असं उतरावं लागतंय, ताई. त्यापेक्षा रस्ता बरा."

ताईंनी नंतर स्वतःची पॅनिअर लावलेली सायकल त्याच खांबांतून काढून पाहिली. ती तर तिरकी करूनही निघाली नाही. टेपने मोजल्यावर स्पष्ट झाले की खांबांमधले अंतर रिकाम्या सायकलचे हँडल कसेबसे जाईल एवढेच होते. येथे एक मूलभूत अडचण आहे आणि ती पुष्कळ ठिकाणी दुर्लक्षिली जाते. सायकलचे हँडल आणि स्कूटरचे हँडल यांच्या रुंदीत फार फरक नसतो. सामान लादलेली सायकल जेथून सहज जाईल तेथून स्कूटरही जाईल. म्हणजे खांबांनी स्कूटर पूर्ण अडवायची म्हटले तर दूधवाला, व्हीलचेअर आणि बाळाची गाडी हेही अडतात. दुचाकी रोखण्याचे काम निव्वळ खांबांवर सोपवता येत नाही, ते शेवटी वाहतूक पोलिसांच्या दंडाशी आणि रस्त्यावरच्या गर्दीच्या शिस्तीशी जोडलेले राहते.

वहीतल्या नोंदी ठिकाणनिहाय लावल्या तेव्हा दोन किलोमीटरच्या तक्रारीचे रूप पालटले. "ट्रॅक वाचवा" या मागणीच्या जागी जेमतेम डझनभर ठिकाणांची यादी आली आणि प्रत्येक ठिकाणी नेमके काय अडते ते तिच्यात लिहिलेले होते.

बैठक आणि एक अडचणीचा प्रश्न

दरम्यान मंचाने माहितीच्या अधिकाराखाली पूर्वगणनपत्रक आणि नकाशे मागितले होते. पहिला अर्ज दुसऱ्या विभागाकडे वर्ग झाला. कायद्याप्रमाणे असे हस्तांतरण पाच दिवसांत आणि उत्तर तीस दिवसांत व्हायला हवे, पण कागद हातात पडायला त्याहून अधिक वेळ जाण्याची चिन्हे होती. तेवढ्यात मंचातल्या एका निवृत्त लेखनिकांनी सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची जी सोय नागरिकांसाठी आहे तिचा वापर सुचवला. दोन सोमवार मोडले, पण नकाशा डोळ्यांनी पाहता आला. पार्किंगची जागा खरोखरच ट्रॅकवर दाखवली होती. मात्र शाळेसमोरच्या चौकात काहीच दाखवलेले नव्हते, आणि सर्वांत जास्त मुले रस्ता ओलांडत ती नेमकी तेथे.

त्यानंतर महापालिकेच्या पथ विभागात बैठक झाली. ताईंनी यादी मांडली. कनिष्ठ अभियंत्यांनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, "मॅडम, तुम्ही स्वतः या ट्रॅकवरून जाता का?"

ताई म्हणाल्या, "नाही साहेब, मी रस्त्यावरूनच जाते."

या उत्तरावर मंचात पुढे बरीच धुसफूस झाली. काहींच्या मते त्यांनी प्रश्न टोलवायला हवा होता. इतिवृत्तात वाक्य आले ते असे की सायकलस्वारांच्या प्रतिनिधींनीही ट्रॅक वापरत नसल्याचे मान्य केले, आणि ट्रॅक काढण्याच्या टिपणीला ते वाक्य जोडले गेले. खरे उत्तर दिल्याचा तोटा पहिल्या महिन्यात पुरेपूर भोगावा लागला. माझे मत असे की उत्तरात खोट नव्हती, त्याची पुढची अर्धी बाजू त्याच क्षणी मांडली गेली नाही ही उणीव होती. मी का वापरत नाही, आणि जे वापरू पाहतात त्यांना काय अडते, हे दोन वाक्यांत सांगून लेखी देता आले असते. तोंडी बैठकीत जे बोलले जाते त्याचे इतिवृत्त दुसरा लिहितो, आणि आपले म्हणणे त्याच दिवशी पत्राने नोंदवले नाही तर इतिवृत्तच पुरावा ठरते.

मंचाने पंधरा दिवसांनी तसे पत्र दिले. त्यात ताईंनी एक गोष्ट बदलून घेतली : पत्रावर "सायकलस्वारांचे प्रतिनिधी" म्हणून सही करण्यास त्यांनी नकार दिला. सह्या शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या, दोन सोसायट्यांच्या सचिवांच्या आणि वस्तीतल्या महिला बचत गटाच्या झाल्या. ताईंचे नाव नोंदी ठेवणारी व्यक्ती म्हणून खाली आले. अभियंत्यांना पाहणीसाठी सकाळी सातला येण्याची विनंती केली होती, कारण पाळी सोडून दुपारी महापालिकेत येणे रक्षकांना परवडणारे नव्हते, त्यांचा एक दिवसाचा पगार बुडाला असता. अभियंते एका शनिवारी सकाळी सव्वासातला खरोखरच आले. खांबांशी उतरणारी माणसे त्यांनी स्वतः पाहिली आणि त्या ठिकाणी फारसे बोलावे लागले नाही.

फेरीवाल्यांचा निर्णय

या सबंध प्रकरणातला सर्वांत वादग्रस्त निर्णय मंडईचा होता. सोसायट्यांतल्या सदस्यांचा आग्रह होता की ट्रॅक मोकळा करायचा तर अतिक्रमण विभागाची गाडी आणावी. कायद्याने ट्रॅक सायकलींसाठीच आहे, मोटार वाहनालाही तेथे मज्जाव आहे, मग भाजीच्या पाट्यांना सूट कशासाठी, असा त्यांचा सवाल होता.

ताईंनी विरोध केला आणि त्यांची कारणे भावनिक नव्हती. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण आणि जागा ठरवणे हे नगर पथविक्रेता समितीच्या मार्फत व्हायचे असते. ते झाल्याशिवाय केलेली कारवाई टिकत नाही आणि गाडी गेली की दुसऱ्या दिवशी पाट्या परत येतात. याहून महत्त्वाचे, संध्याकाळी सायकल थांबवून भाजी घेणारे गिऱ्हाईक म्हणजे तेच रक्षक आणि त्याच कामाला जाणाऱ्या बाया होत्या. ज्यांच्यासाठी ट्रॅक मागायचा त्यांच्याच भाजीवालीला उठवायचे, ही मागणी मंचाच्या नावाने जाऊ देणार नाही, असे त्यांनी सांगितले.

त्यातून तोडगा निघाला तो असा की मंडईच्या भागातला ट्रॅक सोडून द्यावा, तेथे पादचाऱ्यांसाठी सलग पदपथ मागावा आणि सायकलींना त्या तुकड्यापुरते रस्त्यावर उतरवून वाहनांचा वेग कमी करणारे उंचवटे मागावेत. दोन सदस्य या निर्णयानंतर मंच सोडून गेले. तोडगा सर्वोत्तम होता असे म्हणता येत नाही, पुढे काय झाले ते खाली येईलच. परंतु उरलेल्या भागासाठी वस्तीतल्या आणि मंडईतल्या लोकांचा पाठिंबा त्यामुळेच टिकला, हे नाकारता येणार नाही.

डिसेंबरची गैरहजेरी

सायकल प्रवासाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ताई २०२२ च्या डिसेंबरमध्ये ठरल्याप्रमाणे दक्षिणेकडे निघाल्या आणि दीड महिना बाहेर होत्या. महापालिकेचे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक नेमके याच दिवसांत आकार घेते, निविदा निघतात आणि ३१ मार्चपूर्वी बिले काढण्यासाठी कामांची घाई सुरू होते. प्रवासी सायकलस्वाराचा हंगाम आणि पालिकेचा हंगाम एकमेकांवर चढतात, ही अडचण वरवर किरकोळ वाटते, पण ज्या कोणत्या गटाचा भार अशा एका व्यक्तीवर आहे त्याला ती दरवर्षी भेडसावणार.

वही ताईंबरोबर गेली होती. यादीची प्रत मंचाकडे होती, पण कोणत्या ठिकाणाबद्दल कोणत्या अधिकाऱ्याशी काय बोलणे झाले, वीज कंपनीकडे पत्र गेले की नाही, वाहतूक शाखेच्या ना हरकत प्रमाणपत्राची स्थिती काय, हे त्यांच्याच डोक्यात होते. फोनवर त्या उत्तरे देत, पण घाटात रेंज नसे आणि मुक्कामी पोचेपर्यंत कार्यालये बंद झालेली असत. जानेवारीत कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश, निघाला. त्यात शाळेचा चौक आला, खांब बदलणे आले, सोसायट्यांच्या फाटकांशी ट्रॅक उतरवण्याऐवजी सलग ठेवून मोटारींनाच उंचवटा चढायला लावण्याची मागणी मात्र गळाली. ती कोणी गाळली याचा शोध घेण्यात अर्थ नव्हता. तो मुद्दा त्या आठवड्यात लावून धरणारे कोणी नव्हते, इतकेच.

परिणाम

मार्च २०२३ मध्ये घाईने काम झाले आणि पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई थांबली तेव्हा ते अर्धवट होते. उरलेले पुढच्या हिवाळ्यात पुरे झाले.

सोसायट्यांच्या बाजूचा सुमारे एक किलोमीटरचा ट्रॅक राहिला. खांब कमी केले, त्यांमधले अंतर वाढवले आणि रक्षकांची ये-जा हळूहळू ट्रॅकवर आली. फाटकांशी चढउतार तसेच आहेत, फक्त कडा घासून उतार सौम्य केले आहेत, त्यामुळे उतरावे लागत नाही, वेग मात्र मोडतो. अपेक्षेप्रमाणे स्कूटरही ट्रॅकवर येतात, विशेषतः संध्याकाळी रस्ता तुंबला की. वाहतूक पोलिसांची कारवाई सुरुवातीचे काही दिवस झाली, मग थंडावली.

शाळेसमोर पदपथाच्या पातळीचे उंच पादचारी ओलांड झाले. या एका कामाबद्दल कोणाचीच तक्रार नाही. मुख्याध्यापिकांनी त्यानंतर शाळेत सायकली लावण्यासाठी रॅक मागितले आणि नागरिकांच्या सूचनांतून जी कामे अंदाजपत्रकात घेतली जातात त्या योजनेखाली, जी पुण्यात २००६-०७ पासून चालू आहे, अर्ज भरला.

मंडईच्या भागात पदपथ सलग झाला, पण उंचवटे झाले नाहीत. ट्रॅकची सोडलेली जागा काही महिन्यांतच दुचाकी पार्किंगने भरली. सायकलस्वारांना तेथे पूर्वीपेक्षा अधिक अडचण होते, हे ताईंनीच त्यांच्या पुढच्या नोंदींत लिहिले आहे. मंच सोडून गेलेल्यांनी हे पुन्हा पुन्हा ऐकवले, आणि या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे बरोबर होते : जागा सोडायची तर तिच्या बदल्यात मिळणारे काम त्याच कार्यादेशात बांधून घ्यायला हवे होते.

काय वेगळे करता आले असते

प्रतिनिधी कोण, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला जायला हवा होता. लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराकडे रस्ता वाचण्याची दृष्टी असते, चिकाटी असते आणि वर्तमानपत्रात त्याला जागाही मिळते. परंतु अनोळखी रहदारीत निभावून नेण्याचे जे कौशल्य त्याने कमावलेले असते त्याच्यामुळेच नवख्या किंवा थकलेल्या माणसाला कशाची धास्ती वाटते हे त्याच्या नजरेतून सुटू शकते. ताईंनी स्वतःची भूमिका प्रतिनिधीवरून नोंद ठेवणारीवर आणली तेव्हा काम पुढे सरकले. तो बदल सुरुवातीपासून असता तर इतिवृत्तातले ते वाक्य कदाचित आलेच नसते.

दुसरी गोष्ट कागदांची. डिसेंबरपूर्वी सगळा पत्रव्यवहार एका फाइलीत लावून, प्रत्येक ठिकाणासाठी एक जबाबदार माणूस नेमून ताईंना निरोप देता आला असता. २०२३ च्या हिवाळ्यात मंचाने तसे केले : ताई जाण्यापूर्वी बचत गटाच्या एका सदस्येने आणि निवृत्त लेखनिकांनी फाइल ताब्यात घेतली, वाहतूक शाखेचा पाठपुरावा एका सोसायटीच्या सचिवांकडे गेला. त्या वर्षी ताई दोन महिने बाहेर होत्या आणि शाळेचा ओलांड त्या नसतानाच पुरा झाला.

ब्रेव्हेवाल्या मित्रांना लवकर दुरावू देणे हाही तोटाच ठरला. त्यांची रस्त्यावरच्या मार्गिकेची मागणी मंडईच्या तुकड्याला नेमकी लागू होती. पदपथावरचा ट्रॅक की रस्त्यावरची मार्गिका असा वाद सबंध रस्त्यासाठी एकच उत्तर धरून झाला, वास्तविक दोन्ही आपापल्या जागी हवी होती. हे मंडईतला ट्रॅक गेल्यावर लक्षात आले, आणि तोपर्यंत ती मंडळी बैठकांना येईनाशी झाली होती. त्यांतले दोघे २०२४ च्या सुरुवातीला परतले असून मंडईतल्या वेगाच्या उंचवट्यांचे पत्र आता त्यांच्याच सहीने जाते.

उरलेला मुद्दा वीजवाहिनीच्या पेट्यांचा. सोसायट्यांच्या बाजूला अशा दोन पेट्या अजून ट्रॅकच्या मधोमध उभ्या आहेत. त्या हलवण्यासाठी वीज कंपनीकडे आधी रक्कम भरावी लागते. पथ विभागाच्या मते ती विद्युत विभागाने भरायची आणि विद्युत विभागाच्या मते रस्त्याच्या कामातून. मंचाने दोन्ही विभागांना एकाच दिवशी, एकमेकांना प्रत देऊन पत्रे दिली आहेत, आणि संयुक्त पाहणीची मागणी सकाळी सातचीच केली आहे.